‘ॲस्कस’ लिहिलेल्या अहवालानंतर

गर्भाशयमुखावरून खरवडून घेतलेल्या पेशींच्या तपासणीची, म्हणजे पॅप स्मिअरची, काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवताना एखादी पेशी नजर अडवते. तिचे केंद्रक शेजारच्या निरोगी पेशीच्या केंद्रकापेक्षा अडीच-तीन पट मोठे दिसते, रंगही किंचित गडद असतो. पण कर्करोगपूर्व बदल म्हणावा असे ठोस काही हाती लागत नाही. अशा वेळी आम्ही अहवालात ‘ॲस्कस’, म्हणजे अर्थ निश्चित न सांगता येणाऱ्या असामान्य पेशी, असे लिहितो. हा शब्द शंका नोंदवतो, निदान करत नाही. तो मी असंख्य वेळा लिहिला आहे, तरीही घडी घातलेला अहवाल पुढे करून “मॅडम, यात कॅन्सर लिहिलाय का?” असे दबक्या आवाजात विचारणाऱ्या एका मावशींचा चेहरा आजही डोळ्यांसमोर येतो.

अशा प्रत्येकीला कॉल्पोस्कोपीला, म्हणजे गर्भाशयमुख भिंगातून मोठे करून पाहण्याच्या तपासणीला, पाठवले, तर बहुतेकींच्या वाट्याला विनाकारण धास्ती आणि बायोप्सी येते. कोणालाच पाठवले नाही, तर मोजक्या का होईना, गंभीर बदल असलेल्या स्त्रिया निसटतात. या पेचावर अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९६ मध्ये मोठी चाचणी सुरू केली. तिच्यात ॲस्कसच्या ३,४८८ आणि सौम्य दर्जाच्या बदलाच्या, म्हणजे ‘लो ग्रेड’च्या, १,५७२ स्त्रिया होत्या. ॲस्कसच्या गटात एचपीव्ही या लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूच्या डीएनए चाचणीने तीव्र कर्करोगपूर्व बदल असलेल्यांपैकी सुमारे ९६ टक्के स्त्रिया हेरल्या आणि त्यासाठी सुमारे ५६ टक्के स्त्रियांनाच कॉल्पोस्कोपीला पाठवावे लागले. लो ग्रेडच्या गटात मात्र सुमारे ८३ टक्के स्त्रियांमध्ये विषाणू सापडल्याने निवड करण्याजोगे फारसे काही उरले नाही आणि त्या गटातील विषाणूचाचणीची शाखा मुदतीआधीच बंद करण्यात आली. माझ्या मते या चाचणीचा सर्वांत मोलाचा धडा तोच आहे, कारण आजही लो ग्रेडच्या तरुण मुलींना ही चाचणी सर्रास लिहून दिलेली दिसते. विशीत हा संसर्ग अगदी सामान्य असतो आणि बहुतेकींमध्ये दोनेक वर्षांत आपोआप ओसरतो. तिथे ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द उपचाराला दिशा देत नाही, घरात मात्र संशय पेरतो.

म्हणूनच विषाणू आहे का, एवढ्यावर न थांबता तो काय करतो आहे, हे विचारणाऱ्या चाचण्या पुढे आल्या. गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांमागे या विषाणूचे १६ आणि १८ हे प्रकार असल्याने प्रकार ओळखण्याला महत्त्व आहे. ई६ आणि ई७ ही विषाणूची जनुके पेशीची वाढ रोखणारी प्रथिने निकामी करतात. त्यांचा आरएनए, म्हणजे ही जनुके चालू असल्याची खूण, शोधला, तर विषाणू नुसता मुक्कामाला आहे की कामाला लागला आहे, याचा अंदाज येतो.

आपल्याकडे चाचणीच्या निवडीइतकाच नमुन्याचा प्रश्न महत्त्वाचा आहे. नमुना द्रवात घेतला असेल, तर ॲस्कस दिसताच त्याच बाटलीतल्या उरलेल्या द्रवावर विषाणूचाचणी करता येते. काचेवर थेट पसरलेल्या स्मिअरनंतर मात्र त्या बाईला पुन्हा बोलवावे लागते, पुन्हा तपासणीच्या टेबलावर झोपावे लागते, आणि बसभाडे व बुडालेली मजुरी यांचा हिशेब करून कितीतरी जणी परत येतच नाहीत. त्या मावशींचा नमुना सुदैवाने द्रवात होता. त्यांची विषाणूचाचणी निगेटिव्ह आली आणि तीन वर्षांनी पुन्हा तपासणीला या, एवढेच त्यांना सांगावे लागले.