सूचनावही

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहाल का, असं संपादक मंडळाचं पत्र आलं आणि दोन दिवस कामात मन लागेना. आठवणी पुष्कळ आहेत, पण लिहायचंय मला बाईंविषयीच. त्या आम्हाला सहावीत वर्गशिक्षिका म्हणून लाभल्या, १९९४ साली.

तोवर माझ्या प्रगतिपुस्तकावरचा शेरा ठरलेला: 'हुशार आहे, पण लक्ष नाही.' बाकावर बसवत नसे. पाय हलत, पट्टी वाजे. आणि डबा खायची जागा कुणी घेतली, तर तीच मी अख्खी मधली सुट्टी रडत असे. घंटेचा टोला पडला की कान घट्ट दाबून धरायची. एका विषयाच्या तासाला तर मी वर्षभर वर्गाबाहेरच उभी होते.

बाईंनी काही विचारलं नाही. दुसऱ्या आठवड्यापासून सूचनावही फिरवायचं काम माझ्याकडे दिलं. तिसऱ्या तासाला उठायचं, पाचवी अ पासून सुरुवात, मधला जिना, वरचा व्हरांडा, शेवटी दहावी क, आणि परत. रोज चालायला मिळे आणि रोज तोच क्रम. ज्या दिवशी सूचना नसे, त्या दिवशी बाई स्वतः एखादी लिहून मुख्याध्यापकांची सही आणत. 'पाणी पिऊन झाल्यावर नळ बंद करावा' ही सूचना त्या वर्षी किती वेळा फिरली असेल!

त्या पावसाळ्यात सातवी ब गळू लागली म्हणून तो वर्ग चित्रकलेच्या खोलीत हलवला. मला ते ठाऊक नव्हतं. वही छातीशी धरून मी बंद दारासमोर उभी राहिले. पुढे कुठे जायचं, डोकंच चालेना. बाई शोधत आल्या. रागावल्या नाहीत, हातही धरला नाही. मला स्पर्श सोसत नाही, हे त्यांनी कधी हेरलं होतं कोण जाणे. नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या. मग वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने वर्गांचा नवा क्रम लिहिला आणि सातवी ब खाली दोन रेघा ओढल्या. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मी त्या यादीवर चालले.

अडतिसाव्या वर्षी पुण्यात माझं निदान झालं. ऑटिझम, म्हणजे ठरलेला क्रम मोडलेला आणि आवाज-स्पर्श सोसू न देणारी मेंदूची वेगळी घडण, आणि एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि एका जागी बसणं अवघड करणारी, दोन्ही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या ज्या निदानपुस्तिकेचा आपल्याकडचे डॉक्टरही आधार घेतात, तिची चौथी आवृत्ती नेमकी १९९४ ची. ऑटिझम असेल तर एडीएचडीचं निदान करायचं नाही, असा तिचा दंडक होता. तो उठला २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांतही ऑटिझम आहे, एडीएचडीचं नाव नाही. मला कोणत्या एका रकान्यात बसवायचं, हा प्रश्न सगळ्यांनाच पडत आला.

बाईंना फोन करून हे सांगितलं. जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "नाव मला माहीत नव्हतं गं. तुला चालायला हवं आणि वाट बदलायला नको, एवढं दिसत होतं."

आज मी नकाशे तयार करण्याच्या कामात आहे. टेबलावर दिवसाचा क्रम लिहिलेला असतो आणि दर तासाला एक फेरी मारायची मुभा मी वरिष्ठांकडून मागून घेतली आहे. मागायचं बळ मला सहावीच्या त्या वर्षाने दिलं.

गेल्या वर्षी शाळेत येऊन गेले. व्हरांड्याला जाळी बसली आहे, वर्गावर्गात स्पीकर आहेत, सूचना मोबाईलवर जातात. आता तिसऱ्या तासाला वर्गातून कुणीच उठत नाही, याचं फार वाईट वाटलं. ती जुनी वही रद्दीत गेली नसेल, तर तिच्या मागच्या पुठ्ठ्याचा फोटो मला मिळावा, एवढी संपादक मंडळाला विनंती.

– एक माजी विद्यार्थिनी, दहावी, मार्च १९९९