आमची वाटचाल : लिलावाची अट आणि दारातलं गिऱ्हाईक

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या वडिलांचं, आबांचं, गॅरेज होतं. दुरुस्तीला येणाऱ्या गाड्यांमधूनच जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री सुरू झाली. डॉक्टर, प्राध्यापक, साखर कारखान्यातले अधिकारी नवी गाडी घ्यायचे आणि जुनी आबांकडे लावून जायचे. तिचं इंजिन कधीतरी आबांनीच खोललेलं असायचं, क्लचप्लेट कधी बदलली ते त्यांच्या वहीत लिहिलेलं असायचं. त्यामुळे घेणाऱ्याने काहीही विचारलं तरी आबांकडे उत्तर तयार असे. पुढे मी आणि धाकट्या भावाने हायवेच्या बाजूला जागा घेतली आणि गाड्या मांडायला लागलो. तेव्हाही बहुतेक गाड्या माहितीतल्या घरांतूनच यायच्या.

साधारण 2015 नंतर हे चित्र बदललं. मोबाइलवरून गाडी विकून देणाऱ्या कंपन्या आल्या. त्यांचा माणूस घरी येतो, गाडीचे फोटो काढतो, तपासणीचा अहवाल भरतो, आणि गावोगावचे डीलर पडद्यावर बोली लावतात. विकणाऱ्याला चार दुकानं फिरावी लागत नाहीत, पैसे लगेच मिळतात. त्यात गैर काही नाही. पण ज्या गाड्या आमच्या दारात यायच्या त्या तिकडे जायला लागल्या. बँका आणि फायनान्स कंपन्यांनी हप्ते थकल्यावर ओढून आणलेल्या गाड्या, विमा कंपन्यांच्या टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीपलीकडच्या धरलेल्या, गाड्या, मोठ्या कंपन्यांच्या भाडेकरारावरच्या गाड्या, सगळं ऑनलाइन लिलावात गेलं. गाडी हवी तर तिथे उतरणं भाग होतं, म्हणून आम्ही उतरलो. आज आमच्याकडची बरीच खरेदी तिथूनच होते. या धंद्यात नव्याने येणारी मुलं भेटायला येतात तेव्हा मी त्यांना लिलावातल्या नफ्याआधी त्यातली जोखीम समजावून सांगतो. तीच इथे लिहितो आहे.

सगळ्यात आधी कायद्याची बाजू, कारण तिथेच आमच्यासारख्यांची खरी कोंडी आहे. लिलावातली गाडी ‘जशी आहे तशी, जिथे आहे तिथे’ या अटीवर विकली जाते. पैसे भरले की तक्रारीला जागा फार थोडी उरते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा माणूस ‘ग्राहक’ या व्याख्येत बसत नाही. म्हणजे लिलावात फसवणूक झाली तर डीलरला ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही, दिवाणी कोर्टाची वाट धरावी लागते. पण तीच गाडी मी एखाद्या शिक्षकाला विकली आणि तिच्यातला दोष लपवला असं निघालं, तर तो माझ्याविरुद्ध आयोगात जाऊ शकतो. आणि त्याने जायलाच हवं. त्याने आयुष्याची बचत घातलेली असते. म्हणून आमच्या दुकानात एक गोष्ट ठरलेली आहे: लिलावाची अट आम्ही सोसायची, ती गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालायची नाही. एकदा हे धरलं की बोली कुठे थांबवायची, कोणती गाडी सोडून द्यायची, ते सगळं त्यावरूनच ठरतं.

आता गाडीकडे येतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा आणि कृष्णेचा महापूर आला. 2021 च्या जुलैत तर चिपळूणही बुडालं. आमच्या भागातल्या माणसाला पुरात उभी राहिलेली गाडी कशी होते ते वेगळं सांगावं लागत नाही. दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या किमतीच्या 75 टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते आणि ती सॅल्व्हेज, म्हणजे भंगारवजा माल, म्हणून लिलावात निघते. तिथे ती पूरग्रस्त म्हणून उघड विकली जाते तोवर प्रश्न नाही. पण कुणीतरी ती घेतो, आतून धुतो, सीट कव्हर चढवतो, पॉलिश मारतो आणि वर्षभराने तीच गाडी दुसऱ्याच लिलावात साधी वापरलेली गाडी म्हणून उभी करतो. 2021 मध्ये पनवेल पोलिसांनी पकडलेलं प्रकरण याच्याही पुढचं होतं. पुरात भिजून भंगारात काढलेल्या नव्या गाड्यांचे चासी नंबर, म्हणजे सांगाड्यावर कोरलेले ओळख क्रमांक, बदलून त्या विकल्या जात होत्या, आणि जप्त गाड्यांचा आकडा शंभराच्या वर होता.

पुण्याजवळच्या एका यार्डात आम्ही अशी एक गाडी पाहायला गेलो होतो. सेडान, एकाच मालकाची, अहवालात आतली बाजू ‘उत्तम’ लिहिलेली. फोटोत सीट चकाचक दिसत होत्या. आमचे मिस्त्री आबांच्या वेळेपासूनचे. त्यांनी इंजिनाला हात लावला नाही. मागच्या सीटचा पट्टा धरला आणि शेवटपर्यंत ओढला. वरचा भाग स्वच्छ होता, शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मात्र मातकट रेघ होती. मग पुढची सीट मागे सरकवून त्यांनी रुळाचे बोल्ट दाखवले, गंजलेले होते. गालिचाची कड उचलून खालच्या फोममध्ये बोट घातलं तर बोटाला गाळाची भुकटी लागली. डॅशबोर्डखालच्या वायरिंगच्या जोडाला हिरवट बुरशीसारखा थर होता. मिस्त्री एवढंच म्हणाले, “दादा, हिला पाणी लागलंय. आज चालंल, पण एअरबॅग कधी दगा दील सांगता येत नाही.” आम्ही बोली लावली नाही. गाडी त्याच दिवशी दुसऱ्या कुणाला तरी सुटली, आणि ज्या किमतीला सुटली ती पाहता आमच्याशिवाय कुणी तिचा गालिचा उचलला नसावा.

हे फोटोत दिसत नाही. पडद्यावर इंजिनाचा आवाज ऐकवतात, टायरच्या नक्षीची खोली लिहितात. पण पुढून जबर ठोकलेल्या गाडीचा एप्रन, म्हणजे इंजिनाच्या बाजूचा आतला पत्रा, बदलला आहे का, दाराच्या खांबावरचे स्पॉट वेल्डिंगचे ठिपके कंपनीचे आहेत की गॅरेजचे, हे जवळ जाऊनच कळतं. आम्ही रंगाची जाडी मोजणारं यंत्र नेतो. कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉनच्या आसपास असतो. एखाद्या पॅनेलवर आकडा पाचशेवर गेला की आत पुट्टी आहे हे निश्चित. बंपर घासला म्हणून रंग मारलेला असेल तर हरकत नाही. छपराला किंवा खांबाला पुट्टी निघाली तर आम्ही तिथूनच परत फिरतो.

मीटर मागे घेण्याचा प्रकार तर आता लॅपटॉपवर होतो. ब्रेकच्या पॅडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंगची चकाकी गेलेली, ड्रायव्हरच्या सीटची कड बसलेली आणि मीटरवर 38,000 किलोमीटर, असं दिसलं की कंपनीच्या सर्व्हिसची नोंद काढायची. टायरच्या बाजूला उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत असतं. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. 2022 च्या, 25,000 किलोमीटर चाललेल्या म्हणवणाऱ्या गाडीला चारही टायर 2024 चे कसे, हा प्रश्न विचारायलाच हवा. काचांवरही उत्पादनाच्या खुणा असतात. एकच काच वेगळ्या वर्षाची निघाली तर त्या बाजूला काहीतरी झालेलं आहे.

गाडीतला दोष पैसे घालून बहुतेक वेळा काढता येतो. कागदातला दोष मात्र भांडवलच अडकवून ठेवतो. ओढून आणलेल्या गाडीची आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, कर्जदाराच्या नावाची असते आणि त्याने मालकी बदलाच्या फॉर्म 29, 30 वर सही केलेली नसते. अशा वेळी फायनान्स कंपनीने आरटीओकडे फॉर्म 36 भरून आधी स्वतःच्या नावाची आरसी काढायची, मग ती आमच्या नावे करायची. त्याआधी आरटीओला मूळ मालकाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. कायद्याने ते बरोबरच आहे, गाडी त्याच्या हातून गेलेली असते. पण त्याचा अर्थ असा की लिलाव संपला, पैसे भरले, गाडी दारात आली, तरी ती विकण्याजोगी झालेली नसते.

आमच्या वाट्याला असा एक अनुभव आला. एका फायनान्स कंपनीच्या लिलावात हॅचबॅक सुटली, मुदतीत पूर्ण रक्कम भरली, ताबापत्र मिळालं. नंतर कळलं की कर्जदाराने जप्तीविरुद्ध कोर्टात अर्ज केलेला आहे. फोन केला की कंपनीतला माणूस बदललेला असायचा, नव्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागायचं. गाडी महिनोन्महिने शेडमध्ये उभी राहिली, विमा संपला, बॅटरी बसली. शेवटी रक्कम परत मिळाली ती बिनव्याजी. तेव्हापासून ओढलेल्या गाडीवर बोली लावण्याआधी आम्ही लेखी विचारतो: आरसी कंपनीच्या नावावर झाली आहे का, आणि प्रकरण कुठल्या कोर्टात आहे का. उत्तर आलं नाही तर गाडी सोडतो. सरकारच्या वाहन पोर्टलवर बोजा, काळी यादी आणि विम्याची तारीख दिसते, थकीत चलनं दिसतात. चोरीच्या नोंदीसाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची ऑनलाइन सोय आहे. त्यावर चासी नंबर टाकायला पाच मिनिटं लागतात. पण प्रत्यक्ष गाडीवर कोरलेला नंबर आरसीशी स्वतः पडताळावाच, आकड्यांच्या आजूबाजूचा पत्रा हाताने चाचपून.

दिल्लीच्या डिझेल गाड्या स्वस्त दिसतात. तिकडच्या दहा वर्षांच्या मर्यादेमुळे त्या बाहेर पडत आल्या. महाराष्ट्रात आणली की पुन्हा पासिंग, इथला रस्ता कर, आणि मूळ आरटीओचा ना-हरकत दाखला (एनओसी), यात भावातला फरक बराचसा विरघळतो. सरकारी लिलावातल्या 15 वर्षांवरच्या जीपकडे तर बघूच नये. 1 एप्रिल 2023 पासून तशा सरकारी वाहनांची नोंदणी टिकत नाही, ती भंगार केंद्रातच जायची.

नव्या मुलांना मी कागदावर हिशेब मांडून दाखवतो. बोली 4,00,000 रुपये. लिलाव कंपनीचं शुल्क 10,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 11,800. गाडी आणायला 7,000. टायर 18,000, क्लच 12,000, डेंटिंग-पेंटिंग 15,000. यार्डातून दुसरी चावी क्वचितच मिळते, तिचे 8,000. दोन महिने पैसे अडकले तर महिना दीड टक्क्याने व्याज 13,500 धरा. झाले 4,85,300. गाडी 5,10,000 ला गेली. आता जीएसटी. जानेवारी 2025 पासून जुन्या गाडीच्या खरेदी-विक्रीतल्या फरकावर सरसकट 18 टक्के आहे. या फरकातून टायर, क्लचचा खर्च वजा होत नाही, तो 1,10,000 वरच धरायचा. किंमत करासह धरली तरी सुमारे 16,780 जातात. हातात उरले आठ हजारांपेक्षा कमी. यात गिअरबॉक्सचं काम निघालं किंवा यार्डाने पार्किंगचं भाडं लावलं की संपलं. शेवटच्या दोन मिनिटांत बोली पाच-पाच हजारांनी चढत असते, वेळ वाढत जातो, तेव्हा हा कागद समोर असला पाहिजे. आम्ही कमाल आकडा आधी लिहितो आणि बोली लावायला भावाला बसवतो. गाडी मी पाहून आलेलो असतो, मन तिच्यात गुंतलेलं असतं. त्याचं नसतं.

बाजारभावाची जोखीम वेगळी, आणि ती कुणाच्याच हातात नाही. 22 सप्टेंबर 2025 ला छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. घेणाऱ्यांसाठी चांगली गोष्ट झाली. पण नवी गाडी उतरली की जुनीही उतरते, आणि आदल्या महिन्यात जुन्या दराने लिलावातून उचललेला माल शेडमध्ये उभा होता. ज्यांचा माल कर्जावर होता त्यांचे फार हाल झाले. आमचा माल थोडा होता म्हणून निभावलं. तेव्हापासून कर्ज काढून गाड्या भरून ठेवायच्या नाहीत हे आणखी पक्कं झालं.

डीलरसाठी नोंदणीचे जे नियम 1 एप्रिल 2023 पासून आले त्यांचं मी मनापासून स्वागत करतो. पूर्वी मालक सह्या करून गाडी द्यायचा, ती चार डीलरांच्या हातून फिरायची आणि आरसीवर त्याचंच नाव राहायचं. अपघात झाला तर भरपाईची नोटीस त्याच्या घरी. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्टच सांगितलं की नोंदीत ज्याचं नाव तोच मालक. आता आरटीओचं अधिकारपत्र घेतलेल्या डीलरकडे गाडी दिल्याचं ऑनलाइन कळवता येतं आणि तिथून जबाबदारी डीलरची होते. अधिकारपत्र पाच वर्षांचं असतं. ते घ्यायला बरेच जण कचरतात. आम्ही घेतलं आहे, आणि विकायला आलेल्या माणसाला ते आधी दाखवतो.

गिऱ्हाइकाला आम्ही लिलावाचा अहवाल, आमच्या मिस्त्रींची तपासणी आणि रंगाच्या जाडीचे आकडे, तिन्ही कागद देतो. गाडी लिलावातली आहे हे बिलावर लिहितो. त्यामुळे काही सौदे मोडतात. एका काकांनी कागद वाचले, “मग नको” म्हणाले आणि गेले. नंतर त्यांनीच पुतण्याला आमच्याकडे पाठवलं.

एक मागणी मात्र आम्ही व्यापाऱ्यांच्या बैठकीत सारखी मांडतो. प्रत्येक विमा दाव्याची नोंद विमा कंपन्यांकडे असते. गाडीचा नंबर टाकला की ती घेणाऱ्याला, मग तो डीलर असो की शेवटचा ग्राहक, दिसायला हवी. किती रुपयांचा दावा होता ते कळलं नाही तरी चालेल. पुराचा दावा झाला होता का आणि एअरबॅग उघडल्या होत्या का, एवढ्या दोन गोष्टी तरी वाहन पोर्टलवर आधी याव्यात, असं आम्ही लेखी कळवलं आहे.