गाठ निघाली, मग लाइट कशाला?

बहिणीच्या रिपोर्टवरून तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "ताई, गाठ तर सगळी निघाली होती, मग लाइट कशाला घेतले? फरक पडला का काही?" लाइट म्हणजे रेडिएशन, माझ्या स्तनातली गाठ काढल्यावर दिलेला किरणांचा उपचार. नाशकात भाजी घेतानासुद्धा मला हे विचारलं जातं. विचारणारीच्या घरात बहुतेक वेळा कुणाचा तरी रिपोर्ट आलेला असतो, म्हणून घाईत उत्तर देववत नाही.

माझी गाठ फायलॉइड्स जातीची, मॅलिग्नंट, म्हणजे कॅन्सरची. स्तनातल्या शंभर गाठींत अशी एकही सापडत नाही. ती सहसा काखेत पसरत नाही, नेहमीच्या हार्मोनच्या गोळ्यांचा तिच्यावर उपयोग नसतो. त्यामुळे ओळखीतल्या काकूंना जे लागू पडलं, ते मला पडणार नव्हतं. खरा इलाज ऑपरेशनच, भोवतीचा निदान एक सेंटीमीटर चांगला भाग धरून. तरी ती त्याच जागी पुन्हा उगवू शकते.

डॉक्टरांनी २००९ सालचा एक अमेरिकन अभ्यास समजावून सांगितला. बॉर्डरलाइन (साधी आणि कॅन्सरची यांच्या मधली) किंवा मॅलिग्नंट फायलॉइड्स झालेल्या ४६ बायका. स्तन राखून ऑपरेशन, मार्जिन क्लिअर, म्हणजे कापलेल्या कडेला गाठीचा अंश नाही, वर रेडिएशन. साडेचार वर्षांहून जास्त लक्ष ठेवलं, त्या जागी एकीलाही गाठ परत आली नाही. मी हरखलेच. पण त्यातल्या दोघी आजार शरीरात इतरत्र पसरून दगावल्या, हेही त्यांनी त्याच दमात सांगितलं. त्यांच्या या स्पष्टपणाचं मला आजही मोल वाटतं. लाइट छातीपुरते. त्यांनी आयुष्य वाढतं असं सिद्ध झालेलं नाही. हा आजार पसरला तर बहुधा फुप्फुसात जातो, म्हणून माझे छातीचे स्कॅन चालूच आहेत.

मला स्तन राखायचा होता आणि पुन्हा त्याच जागी सुरी नको होती. तेवढ्यासाठी मी सोमवार ते शुक्रवार, आठवड्यामागून आठवडे, मुंबई नाका ओलांडून जात राहिले. गाठ डावीकडची, म्हणून खोल श्वास भरून रोखायला शिकवलं: छाती फुगली की हृदय किरणांच्या वाटेतून बाजूला सरकतं. स्तनाखालच्या घडीतली कातडी मात्र काळी पडून सोलवटली. निफाडहून येणाऱ्या एका मावशींनी सांगितलं, "ब्लाउज सोड, जुनं मऊ धोतर गुंडाळ." त्यानं खरंच बरं वाटलं. गाठ तिथे परत आलेली नाही.

तुमच्या बहिणीच्या रिपोर्टवर 'बिनाईन' (कॅन्सर नसलेली) लिहिलं असेल आणि गाठ नीट निघाली असेल, तर सहसा लाइट लागत नाहीत. 'बॉर्डरलाइन' किंवा 'मॅलिग्नंट' असेल, तर मार्जिन, म्हणजे गाठीभोवतीचा चांगला भाग, किती मिलिमीटर मिळालं ते आधी विचारा.