मसाईची वाट आणि सायकलचा कान

कोल्हापूरचा शिवाजी पूल ओलांडला तेव्हा पावणेसहा वाजले होते. नोव्हेंबर संपत आलेला, पंचगंगेवर धुकं इतकं दाट की पुलाचा कठडा दिसत होता आणि त्यापलीकडं काहीच नाही. भाचा माझ्या मागं. त्याच्या सायकलचा मागचा लुकलुकता दिवा निघण्याआधी मी दोनदा तपासला होता. साखर कारखाने सुरू झाले की आंबेवाडी-केर्लीच्या पट्ट्यात पहाटेपासून उसाच्या ट्रॉल्या धावतात. एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, आणि रस्त्यावर सांडलेलं पाचट. दवानं भिजलेलं पाचट डांबरावर शेवाळासारखं निसरडं होतं. त्याच्यावर ब्रेक दाबायचा नाही, हँडल वळवायचं नाही, सायकल सरळ ठेवून पार व्हायचं. एवढं एक मी त्याच्याकडून घोकून घेतलं होतं.

जायचं होतं पन्हाळ्यामागच्या मसाई पठारावर. कोल्हापूर ते पन्हाळा साधारण २२ किलोमीटर. पुढं तुरुकवाडी, म्हाळुंगे करत पठार. पन्हाळा समुद्रसपाटीपासून ३१०० फुटांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्या शहरापेक्षा हजारबाराशे फूट वर. डांबरी रस्त्यानं हा चढ कुठलीही चांगली सायकल चढते. खरी परीक्षा डांबर संपल्यावर सुरू होते आणि तिथं आपल्याकडची मातीच ठरवते की कुठलं सामान टिकणार. गेल्या चार वर्षांत मी जे शिकले ते बरंचसं या मातीनंच शिकवलं.

आमचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे, बाबांनी सुरू केलेलं. आदल्या संध्याकाळी भाचा त्याची नवी सायकल घेऊन तिथं आला. जाड टायर, पुढं-मागं स्प्रिंग, दोन्हीकडं डिस्क, रंग झगझगीत. मी ती मालाच्या काट्यावर चढवली. १९ किलो भरली. माझी हार्डटेल, म्हणजे फक्त पुढं सस्पेन्शन असलेली, साडेतेरा किलोची आहे. त्याचं तोंड उतरलं, पण मला वजनापेक्षा मागच्या स्प्रिंगची जास्त काळजी होती. नुसती स्प्रिंग दणका साठवते आणि लगेच परत करते. चांगल्या शॉकमध्ये स्प्रिंगबरोबर डॅम्पर असतो. त्यातलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि दणक्याची ताकद तिथं उष्णता होऊन जिरते. डॅम्पर नसेल तर दगडावरून उतरताना सायकल स्वाराला मागून उडवते. त्या किमतीत दोन्हीकडं धड सस्पेन्शन बसत नाही. तेवढ्याच पैशात मागं काही नसलेली, पण पुढचा फोर्क आणि ब्रेक बरे असलेली सायकल घ्यावी, हे माझं ठाम मत आहे.

बाबांनी मागचं चाक हातात घेऊन एक्सल बघितला आणि विचारलं, "बेअरिंग इतकं आत का?" फ्रीव्हीलच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, ते तसंच असतं. दातऱ्यांचा गठ्ठा हबच्या बाहेर स्क्रू केलेला, त्यामुळं उजव्या बाजूला एक्सलचा लांब तुकडा आधाराविना राहतो आणि खड्ड्यांत तिथंच वाकतो. कॅसेटमध्ये दातऱ्या हबच्याच अंगावर सरकवून बसवतात, त्यामुळं बेअरिंग फ्रेमच्या टोकाजवळ येतं. सायकल घेताना मागच्या चाकात फ्रीव्हील आहे की कॅसेट हे दुकानात विचारायचंच. रंग नंतर बघा.

शेवटी भाच्यानं माझी जुनी हार्डटेल घेतली.

वाघबीळच्या चढाला उजाडलं. माझ्या सायकलला पुढं ३२ दात्यांची एकच चकती आहे आणि मागं ११ ते ५१. सगळ्यात हलक्या गिअरमध्ये पेडलच्या एका फेऱ्याला चाक पाऊणपेक्षाही कमी फिरतं. वेग मिळत नाही, पण गुडघे शाबूत राहतात. चहाच्या टपरीवर एका काकांनी दोन्ही सायकली निरखल्या.

"कुठवर निघालाय, ताई?"

"मसाईला."

"ह्याच्यावर? मग उन्हं चढायच्या आत वर जावा. पठारावर झाडाची सावली नाय गावायची."

ते खरंच होतं. आमच्याकडं दोघांत मिळून पाच लिटर पाणी होतं आणि तेवढं लागलंच.

हाच घाट मला ऑगस्टमध्ये वेगळा भेटला होता. दिवसभर पाऊस, मी गडामागच्या लाल वाटांवर फिरले आणि परत उतरताना पुढच्या ब्रेकमधून करकर आवाज सुरू झाला. थांबून बघितलं तर पॅडचा मसाला संपून लोखंडी पट्टी रोटरला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला, घासत होती. ते पॅड रेझिनचे होते. कोरड्यात ते छान चालतात, आवाज करत नाहीत, पहिल्या दाबाला धरतात. पण जांभ्याचा लाल राडा म्हणजे पाण्यात कालवलेली पॉलिश पेपरची पूड. एका दिवसात त्यानं पॅड खाल्ले. उरलेला घाट मी मागच्या ब्रेकवर, बरंच अंतर पायी उतरले. तेव्हापासून जून ते ऑक्टोबर मी धातूच्या भुकटीचे, सिंटर्ड पॅड वापरते. मात्र आधी रोटर वाचायचा. स्वस्त रोटरवर बऱ्याचदा 'रेझिन पॅड ओन्ली' असं कोरलेलं असतं. त्यावर सिंटर्ड पॅड लावले तर मऊ रोटरच झिजतो. नवे पॅड बसवले की सपाट रस्त्यावर पंधरा-वीस वेळा वेग घेऊन सावकाश, चाक न थांबवता ब्रेक लावायचे. पॅडचा थर रोटरवर चढतो तेव्हा कुठं ब्रेक लागायला लागतो.

आणि तेल. शिमानोच्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं, मोटरसायकलच्या ब्रेकमध्ये डॉट नावाचं वेगळं तेल. एखाद्या गॅरेजवाल्यानं प्रेमानं मोटरसायकलचं तेल भरून दिलं तर आतली रबरी सीलं फुगून ब्रेक कामातून जातो. लिव्हरच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय कुणालाही बाटली उघडू देऊ नका.

गडावर आम्ही फार थांबलो नाही. राजदिंडी या दरवाजाची वाट पायऱ्यांची, तिथं सायकल खांद्यावर घ्यावी लागते, म्हणून आम्ही रस्त्यानं उतरलो. १२ जुलै १६६० च्या रात्री सिद्दी जौहरचा वेढा फोडून महाराज विशाळगडाकडं निघाले ते याच मुलुखातून. दरवर्षी आषाढात पन्हाळा ते पावनखिंड चालणारे शेकडो लोक म्हाळुंग्यावरून मसाईवर चढतात. भर पावसात, चिखलात, काळोखात पालखी खांद्यावर घेऊन ही माणसं कशी धावली असतील, हा विचार मला त्या चढावर प्रत्येक वेळी येतो. भाचाही बराच वेळ गप्प चढत होता.

डांबर संपलं तिथं थांबून हवा कमी केली. डांबरावर जी हवा सुखाची वाटते ती मुरमावर घातक. कडक टायर खड्यांवरून गोळीसारखा उसळतो, मऊ टायर त्यांना कवेत घेतो. माझे टायर सव्वादोन इंची, ट्यूबलेस, माझं वजन ५८ किलो. मी पुढं २० आणि मागं २३ पीएसआय ठेवते. भाच्याच्या चाकात ट्यूब आहे, त्याला ३० च्या खाली जाऊ दिलं नाही. ट्यूब असताना हवा फार कमी केली की दगडावर आपटून रिम ट्यूबला दोन ठिकाणी चावते, साप चावल्यासारखी जोडभोकं पडतात. बोटानं दाबून अंदाज घेणारे पुष्कळ भेटतात, मीही घ्यायचे. पण दोन-तीन पीएसआयचा फरक बोटाला कळत नाही. प्रेशर गेज घ्याच.

ट्यूबलेसचं कारण बाभूळ. आपल्याकडं शेताला काट्यांचं कुंपण घालतात आणि वाळलेली फांदी वाऱ्यानं वाटेवर येते. म्हाळुंग्याच्या पुढं माझ्या मागच्या टायरमध्ये काटा शिरला. काढला तर पांढरा फेस आला, मी भोक खाली करून चाक धरलं आणि अर्ध्या मिनिटात फेस थांबला. आतल्या लॅटेक्सच्या सीलंटनं भोक बुजवलं. पण हे सीलंट आपल्या हवेत दोन-तीन महिन्यांत वाळतं, एप्रिल-मेमध्ये त्याहून लवकर. चाक कानाशी धरून हलवायचं. आतून खळखळ ऐकू आली नाही तर नवं घालायची वेळ झाली.

मग पठार लागलं.

मसाईचं वर्णन करायला मला नेहमी शब्द कमी पडतात. जांभ्याचा लांबच लांब सडा, म्हणजे उघडा सपाट कातळ, वाळून सोनेरी झालेलं गवत, मध्ये एक पायरी, की पुन्हा सपाटी. वारा इतका की बोलायला जवळ यावं लागतं. सप्टेंबरात इथं सोनकी, तेरडा, गेंद, सीतेची आसवं फुलतात. ती फुलं ज्या मातीवर उगवतात तिचा थर कातळावर कुठंकुठं बोटभरसुद्धा नसतो. ओल्या सड्यावरून एकदा चाक गेलं की ती खूण पुढच्या पावसापर्यंत दिसते. म्हणून पावसाळ्यात मी पठारावर सायकल नेत नाही, चालत जाते. कोरड्या दिवसांतही जीपगाड्यांनी पडलेल्या चाकोरीबाहेर जात नाही. पठार आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे, पण ते नसतं तरी मी हेच म्हटलं असतं. भाच्याला एक गवताचा उतार खुणावत होता. मी नाही म्हटलं, त्यानं ऐकलं, आणि मला त्याचं कौतुक वाटलं.

मसाईदेवीच्या देवळापाशी भाकरी खाल्ली. परतताना उताराच्या तोंडाशी त्याला उभं राहायला शिकवलं. दोन्ही पेडल जमिनीला समांतर, टाच किंचित खाली, कोपरं बाहेर, ढुंगण सीटच्या मागं, नजर चाकावर नाही, पुढच्या वळणावर. ब्रेकवर एकेकच बोट. पुढचा ब्रेक जास्त धरतो, पण मुरमाच्या वळणात तो दाबला तर पुढचं चाक सरकतं, म्हणून वेग वळणाआधी कमी करायचा. पहिल्या उतारावर तो ताठ होता, तिसऱ्यावर त्याचे गुडघे सैल झाले. खाली येऊन म्हणाला, "मावशी, आता कळलं सायकल आपल्या खाली हलू द्यायची असते."

म्हाळुंग्याच्या अलीकडं पुढच्या चाकाखालून नारळाएवढा जांभ्याचा धोंडा उडाला आणि माझ्या मागच्या डिरेलरवर, म्हणजे चेन एका दातरीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या भागावर, बसला. खण्ण आवाज, आणि पेडल अडकलं. डिरेलर स्पोककडं तिरका झुकला होता. शेतात वैरण कापणारे आजोबा बांधावर आले.

"काय मोडलं गं बाई?"

"गिअर जिथं टांगलाय तो कान वाकलाय, आजोबा."

"वाकलाय न्हवं? तुटला न्हाई न्हवं? मग घरला जाशीला."

तो कान म्हणजे हँगर. डिरेलर सहसा थेट फ्रेमला लावत नाहीत, मध्ये ॲल्युमिनियमचा हा छोटा तुकडा असतो. आजोबा म्हणाले ते बरोबर होतं. वाकलेला हँगर एकदा सरळ होतो, दुसऱ्यांदा बहुतेक तुटतो. मी डिरेलरच्या बोल्टमध्ये पाच नंबरची ॲलन की घातली, डिरेलर हातात घट्ट धरला आणि हळूहळू बाहेर ओढला, मागून बघत, दोन छोटी चाकं कॅसेटशी एका रेषेत येईपर्यंत. पूर्ण आला नाही. मग मागच्या सगळ्यात मोठ्या तीन दातऱ्या वापरायच्याच नाहीत असं ठरवलं, कारण तिथं डिरेलर स्पोकमध्ये गेला असता आणि चाक, डिरेलर, कदाचित फ्रेम, सगळंच गेलं असतं. जादा हँगर पिशवीत असायला हवा होता. बहुतेक प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा, माझ्या मॉडेलचा दीड महिना कुठं मिळत नव्हता.

पन्हाळ्याचा चढ पायी, पुढं उतार, मग सपाटी. गंगावेशीत पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. कट्ट्यावर म्हशी उभ्या होत्या. समोर काढलेलं फेसाळ दूध भाच्यानं दोन ग्लास रिचवलं. त्यानं विचारलं, सायकल उद्या सर्व्हिसिंग सेंटरला धुऊन आणू का? मी घाईनं नको म्हटलं. मोटरसायकलवर मारतात ते जोराचं पाणी हबच्या सीलमधून आत घुसतं आणि बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन नेतं. बादली, मऊ ब्रश, साबणाचं पाणी पुरतं.

चेनचं मात्र त्याच रात्री केलं. बाबांचा लेथवरचा नियम आहे, तेल घालायच्या आधी पुसायचं. चैत्रात जोतिबाला जाऊन आले होते तेव्हा गुलाल चेनवरच्या तेलात मिसळून त्याचा लगदा झाला होता, तेव्हा या नियमाचा अर्थ नीट कळला. चेन पुसली आणि बाबांच्या स्टीलच्या पट्टीनं मोजली. नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. एक सोळांश इंच जास्त भरली की चेन बदलायची, एक अष्टमांशपर्यंत थांबलात तर कॅसेटही गेली. माझी अजून आतच होती.

सोमवारी वाकलेला हँगर बाबांसमोर ठेवला. त्यांनी व्हर्नियर लावलं, भोकाचा आटा बघितला. १० मिलिमीटर व्यासाला १ मिलिमीटरचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, आटे पाडायच्या नेहमीच्या टॅपपेक्षा बारीक. दोन गल्ल्या पलीकडून टॅप आला. मग त्यांनी विचारलं, "इतकं नाजूक कशाला? लोखंडात करून देतो, जन्मभर वाकणार नाही."

मी म्हटलं, "हा वाकला म्हणून फ्रेम वाचली, बाबा."

त्यांनी तो तुकडा बोटांत फिरवला. "शिअर पिन आहे म्हण की, यंत्र वाचवायला आधी स्वतः तुटणारी," असं म्हणून त्यांनी रॅकवरून ॲल्युमिनियमची पट्टी काढली आणि दोन हँगरची खूण आखली.