हे घासत का नाही?

धुळ्यातल्या आमच्या छोट्याशा संग्रहालयात शाळेच्या सहली येतात, लग्नाला आलेले पाहुणे वेळ काढायला येतात. बँडच्या वाद्यांच्या कपाटापाशी प्रश्न ठरलेला: "ताई, हाई काबर घासतस नही?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

घासलं होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका बँडवाल्यांच्या घरून आलेला ट्रम्पेट मी चिंच आणि राख लावून देवघरातल्या तांब्यासारखा लख्ख केला. नंतर त्याचा आधीचा फोटो बघताना दिसलं, भोंग्याच्या कडेला कुणीतरी खिळ्यानं '३' ओरखडला होता. तिसऱ्या वादकाची खूण. आता तो आकडा तिरप्या उजेडात धरला तरच दिसतो. कपाटातल्या युफोनियम नावाच्या मोठ्या फुंकवाद्यावर कारखान्याचं अख्खं नाव कोरलेलं होतं, पण दर लग्नसराईला घासून घासून त्यातलं 'मेरठ' तेवढं उरलंय. बरं झालं तेवढं तरी उरलं. आपल्या बँडची बरीचशी वाद्यं तिथल्या जली कोठी नावाच्या मोहल्ल्यातूनच येतात.

वरचा काळपट थर मला चालतो, भीती गुलाबी ठिपक्याची. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. फुंकरीची ओल आणि लाळ नळीत साचून राहिली की त्यातलं जस्त निघून जातं आणि मागे भुसभुशीत तांबं राहतं. बाहेर ठिपका दिसतो तोवर नळी आतून खाल्लेली असते. "एकदा वाजवून दाखवा ना" म्हणणाऱ्यांनाही मी म्हणूनच नाही म्हणते.

आणि गोठा! डीजे आल्यापासून कितीतरी वाद्यं गोठ्याच्या माळ्यावर गेली. तिथून आलेल्या एका वाद्याच्या वळणावर केसाएवढी भेग होती. आपटलं नव्हतं, कुणी वापरलंही नव्हतं. ब्रिटिश लष्कराला हिंदुस्थानात हेच कोडं पडलं होतं: पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेली पितळी काडतुसं आपोआप तडकायची. उलगडा १९२१ साली झाला. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि घडवताना धातूत राहिलेला ताण, दोन्ही मिळून पितळ फाडतात. वाकवलेल्या नळीत तो ताण असतोच, आणि अमोनिया बैलांचा असला तरी तेवढाच वाईट. ही भेग मी डाख लावून बुजवली नाही. नुसती नोंद केली, फोटो काढला. दर पावसाळ्यानंतर ती वाढली का ते बघते.

बाकी आमचं काम कंटाळवाणं आहे: हातमोजे, मऊ ब्रश, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या. खाली लोकरीचं कापड किंवा रबर अंथरत नाही, त्यांतल्या गंधकानं चांदीचा मुलामा काळा पडतो.

तुमच्या माळ्यावर असं काही असेल तर आहे तसंच आणा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, जुन्या धुतलेल्या सुती धोतरात गुंडाळा. माउथपीस अडकला असेल तर पक्कड लावू नका, तो आम्ही काढू.