एका ओळीच्या प्रोग्रॅमसाठी

जे काम आपण रोज डोळे झाकून करतो, ते दुसऱ्याला लिहून सांगायला बसले की पहिल्याच वाक्याला हात अडखळतो. पायथन ही संगणकभाषा कधीही न वापरलेल्या माणसाला आपला पहिला प्रोग्रॅम चालवता यावा, एवढ्याच हेतूने मी पहिल्यांदा ट्युटोरियल लिहायला घेतले आणि प्रोग्रॅम अवघ्या एका ओळीचा असूनही वाचकाला त्या ओळीपर्यंत आणून सोडण्यातच बहुतेक मजकूर खर्ची पडला.

माझी ती ओळ पडद्यावर ‘हॅलो, वर्ल्ड’ एवढेच उमटवते. पहिल्या प्रोग्रॅमची ही प्रथा रूढ झाली ती ब्रायन कर्निगन आणि डेनिस रिची यांच्या ‘सी’ भाषेवरील १९७८ सालच्या पुस्तकामुळे. प्रोग्रॅम कुठेतरी लिहिणे, तो चालवणे आणि त्याचे उत्तर कुठे उमटले ते शोधून काढणे हाच खरा अडथळा असून पुढचे सारे त्या मानाने सोपे आहे, असे त्यांनी तिथेच सांगून ठेवले आहे. स्वतः लिहायला बसेपर्यंत मला हा निव्वळ विनय वाटत असे.

उदाहरणार्थ, ‘फाइल सेव्ह करा’ ही सूचना घ्या. विंडोजमध्ये फाइलच्या नावामागचे एक्स्टेन्शन, म्हणजे तिचा प्रकार सांगणारे शेपूट, सहसा लपवलेले असते. नोटपॅडमध्ये सेव्ह करताना फाइलचा प्रकार बदलायचा राहिला, तर पायथनच्या ‘डॉट पीवाय’च्या मागे ‘डॉट टीएक्सटी’ गुपचूप चिकटू शकते. मग टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, सांगते की अशी फाइल नाही, आणि फाइल तर डोळ्यांसमोर दिसत असते. नाव अचूक असले तरी टर्मिनल भलत्याच फोल्डरमध्ये उघडलेले असेल, तर उत्तर तेच. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर पायथन इन्स्टॉल करताना पासवर्ड विचारला जातो, पण टाइप करताना तिथे अनेकदा ठिपकासुद्धा उमटत नाही, तेव्हा नवख्याला कीबोर्डच बंद पडल्याचा संशय येतो. सरावलेल्या माणसाला यातले काहीच जाणवत नाही, कारण ते त्याच्या डोक्यात नव्हे, बोटांत असते.

याउलट जे सांगायची मला फार हौस होती, म्हणजे फंक्शन म्हणजे काय, प्रोग्रॅम चालवणारा इंटरप्रिटर ओळ कशी वाचतो वगैरे, ते मी निर्दयपणे कापले. १९८०च्या दशकात आयबीएममध्ये जॉन कॅरल यांनी वर्ड प्रोसेसर शिकणाऱ्यांचे निरीक्षण केले, तेव्हा लोक पुस्तिका क्रमाने वाचतच नाहीत, थेट कामाला हात घालतात आणि मध्येच अडकून बसतात, असे दिसून आले. म्हणून त्यांनी पुस्तिका आखूड केल्या आणि चूक झाल्यावर सावरायचे कसे, यालाही त्यांत जागा दिली. मीही प्रत्येक कमांडखाली तिचे अपेक्षित उत्तर आणि हमखास येणारा एरर, असे दोन्ही दिले आहेत. (स्क्रीनशॉट मात्र एकच ठेवला, बटणांच्या जागा बदलल्या की चित्र मजकुराच्या आधी शिळे होते.)

मजकूरही शिळा होतोच. पायथन ३ आले २००८ मध्ये आणि पायथन २ चा आधार थांबला तो १ जानेवारी २०२० रोजी. मजकूर पडद्यावर उमटवणाऱ्या ‘प्रिंट’पुढे पायथन ३ ला कंस लागतो; तो न देणारी जुनी ट्युटोरियल्स अजूनही सापडतात, आणि त्यांतली ओळ जशीच्या तशी उतरवणाऱ्याला आज एररच मिळतो. म्हणून शीर्षकाखालीच मी पायथनची आवृत्ती आणि लेखनाचा महिना नोंदवला आहे. एखादी सूचना चालेनाशी झाली, तर वाचकाने स्वतःला बोल लावण्याआधी निदान ती तारीख तरी त्याच्या नजरेस पडावी.