ओढ्याचं मॉडेल, नोंद ७: हरवलेला एक दिवस

सापडला एकदाचा. तीन आठवडे ज्यानं डोकं खाल्लं तो एक दिवस सापडला, आणि तोही मला नाही, आईला.

मागच्या नोंदीत रडगाणं गायलंच होतं. आमचा ओढा, केज-कळंबच्या मधला, ८६ चौ.किमी.चं पाणलोट, शेवटी मांजरा धरणात जाणारा. स्वॅट प्लसमध्ये (पावसावरून ओढ्याचं पाणी काढणारा प्रोग्रॅम) सगळं बसवलं, पावसाळाभराचा एकूण अपवाह (वाहून आलेलं पाणी) लॉगरच्या, म्हणजे पातळी नोंदणाऱ्या यंत्राच्या, आकड्यापेक्षा १८ टक्केच जास्त. पहिल्या फेरीला हे वाईट नाही. पण रोजचा आलेख काढला की एखादा सोडला तर प्रत्येक पूर एक दिवस उशिरा. बंधाऱ्यावरचा लॉगर आज ओला होतो, मॉडेलमधला ओढा उद्या वाहतो. नॅश-सटक्लिफ (मॉडेल किती जुळतं याचा गुण, १ म्हणजे तंतोतंत) उणे ०.१८. म्हणजे रोज डोळे मिटून सरासरी प्रवाह लिहिला असता तरी बरं निघालं असतं.

पहिला संशय अर्थातच घड्याळावर. लॉगर माझ्या हातचा: ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर, पातळी मोजायला जेएसएन-एसआर०४टी हा पाण्यात न बिघडणारा अल्ट्रासोनिक सेन्सर, आणि वेळेसाठी डीएस३२३१ हे घड्याळाचं मोड्यूल. वेळ यूटीसीत (ग्रीनिचच्या वेळेत) साठवून पुढं साडेपाच तास मिळवायचे राहिले असतील म्हणून सगळा कोड चाळला. नाही. भर उन्हात बंधाऱ्यावर जाऊन मोबाइलशी वेळ ताडून पाहिली, ४० सेकंदांचा फरक. घड्याळ निर्दोष. सेल मात्र मेला होता. ज्या दुकानातून हे मोड्यूल घेतो तिथं सेल सकट म्हणून देतात, आणि तो सेल नेहमी अर्धमेलाच निघतो. जाता जाता: हे निळं मोड्यूल ५ व्होल्टवर चालवत असाल आणि त्यात साधा सीआर२०३२ टाकला असेल, तर चार्जिंगचा डायोड उपटून टाका. तो सर्किट रिचार्जेबल सेलसाठी आहे, साध्या सेलला तो फुगवतो.

मग मॉडेलच्या चाव्या पिळायला घेतल्या. सर्लॅग (अपवाह ओढ्यात पोचायला किती रेंगाळतो ते ठरवणारा आकडा) मुळात ४ असतो, तो १० केला, मग २४. काही नाही. मॅनिंगचा एन (नाल्याचा खडबडीतपणा) ०.०५ वरून ०.०३ वर आणला. पुराचं टोक जरा उंचावलं, तारीख तीच. तेव्हा वहीत किरपिचचं सूत्र (माथ्यावरचं पाणी मुखाशी पोचायला किती वेळ लागतो ते देणारं) मांडलं, जे खरं तर पहिल्याच दिवशी मांडायला हवं होतं. ओढ्याची सगळ्यात लांब वाट १८ किमी, सरासरी उतार ०.००६. उत्तर २६४ मिनिटं. साडेचार तासही नाहीत! बालाघाटाच्या माथ्यावर पडलेला थेंब दुपारी निघाला तर दिवेलागणीला बंधाऱ्यावर हजर. त्याला चोवीस तास लागायचे तर वाटेत मुक्कामच करावा लागेल.

इथं मात्र स्वॅट प्लसच्या सुट्या सुट्या रचनेला सलाम. जुन्या स्वॅटमध्ये हे जमलं नसतं असं नाही, पण घाम निघाला असता. नव्यात एचआरयू (एकसारखी माती, पीक आणि उतार असलेला तुकडा), जलधर, नाला, तलाव या सगळ्या वेगळ्या वस्तू, आणि कोणाचं पाणी कोणाकडं जाईल ते .कॉन फायलींत लिहिलेलं. घरातली वायरिंग शोधताना एकेक फ्यूज काढत जावं तसं करता येतं. आधी तिन्ही पाझर तलाव काढले. पूर उशिराच. मग रूटिंग युनिटचं (एचआरयूंच्या गटाचं) पाणी नाले वगळून थेट मुखाशी जोडलं. तरी उशिराच. शेवटी सगळं मोडून एकच एचआरयू ठेवला: एक तुकडा काळी जमीन, सोयाबीन, ना ओढा ना तलाव. त्याचा अपवाहही लॉगरच्या दुसऱ्या दिवशी!

या टप्प्यावर शहाण्या माणसानं जे ओळखायला हवं होतं ते मी ओळखलं नाही. प्रोग्रॅममध्येच बग असणार असं ठरवून टेक्सासकरांना कळवायला बसलो. हे मॉडेल ज्या टेंपल गावात घडलं तिथली जमीनही आपल्यासारखीच काळी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. म्हणूनच त्यात भेगांचा स्वतंत्र पर्याय आहे, जो चालू केल्यावर आमचा मृगाचा खोटा पूर गेला होता (नोंद ५). त्यामुळं त्या मंडळींबद्दल आपुलकी आहेच. कागदपत्रं नीट हवीत म्हणून आलेख मोठा करून छापला आणि जेवणाच्या वेळी समोर ठेवला.

आई शेंगा फोडत होती. तिनं एका टोकावर बोट ठेवलं. “ह्यो डोंगर कशाचा?”

“मॉडेलमधल्या पुराचा. आणि हा दुसरा बंधाऱ्यावरच्या मशीनचा. मशीन म्हणतंय आदल्या दिवशी, खांदेमळणीला पूर आला, मॉडेल म्हणतंय पोळ्याला.”

“खांदेमळणीलाच आला की. निम्मे बैल धुतले, न् निम्मे तसेच मळके हाकलत आणले व्हते आप्पांनी.” मग वरच्या निळ्या पट्ट्यांकडं बघून, “आन् ह्या काय लोंबत्यात वरून?”

“तो पाऊस.”

“मग पाऊस बी पोळ्यालाच का दावलाय? पोळ्याला तर कडक ऊन व्हतं. मारुतीपुढं मिरवलं न्हाई का बैलांना?”

हातातला घास तसाच राहिला. तीन आठवडे मी दोन रेषा एकमेकींशी ताडत होतो. वरच्या पट्ट्यांकडं एकदाही संशयानं पाहिलं नव्हतं. कारण उघड आहे: मॉडेलचा पूर त्या पट्ट्यांच्या बरोबर खाली येत होता, ते चित्र इतकं सुसंगत की चूक लॉगरचीच वाटावी.

पाऊस मी घेतो हवामान खात्याच्या ०.२५ अंशाच्या ग्रिडमधून (चौकोनांच्या जाळीतून), आयएमडीलिब या पायथन लायब्ररीनं काढून. आपल्याकडं पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि मागच्या चोवीस तासांचा आकडा मोजणीच्या तारखेवर लिहितात. म्हणजे खांदेमळणीच्या दुपारी तीनला कोसळलेलं सगळं पाणी पोळ्याच्या नावावर. यात खात्याची काडीचीही चूक नाही, ही पद्धत जगजाहीर आहे, शाळेच्या आवारात पर्जन्यमापक असलेल्या पोरालाही ठाऊक असते. मलाही ठाऊक होती. फक्त ‘तारीख’ हा रकाना भरताना डोक्यात आली नाही. आणि आपला पाऊस आहेच असा, दिवसभर उकडून उकडून दुपारनंतर ढग दाटून येतात. रात्रभर भुरभुरणारा कोकणी पाऊस असता तर ही चूक इतकी ठळक दिसलीही नसती.

पावसाची पूर्ण फाईल एक दिवस मागं सरकवली. एवढंच. एका ओळीचा बदल, नॅश-सटक्लिफ ०.५२! रात्री पावणेबाराला एकटाच हसलो. खांदेमळणीचा पूर खांदेमळणीला आला, टोकाची उंचीही हाताच्या अंतरावर. तो आलेख आता भिंतीवर आहे.

आणि सकाळी पाहतो तर घटस्थापनेचा पूर बिघडलेला. आधी जो एकमेव बरोबर बसत होता तोच आता एक दिवस लवकर आला. लॉगरची पंधरा-पंधरा मिनिटांची नोंद उघडली. पाणी पहाटे तीनला चढायला लागलंय. तो पाऊस कमी दाबाच्या पट्ट्याचा, मध्यरात्रीनंतरचा. साडेआठच्या आत पडला म्हणून त्याची तारीख मुळातच बरोबर होती, मी ती सरकवून चुकवली. म्हणजे सरसकट सरकवणं हा इलाज नाही. दुपारचा पाऊस हलवायचा, पहाटेचा नाही.

यावर उपाय म्हणून आयमर्गचा अर्ध्या-अर्ध्या तासाचा उपग्रहाचा पाऊस उतरवायला लावला होता. कल्पना अशी: आकडा खात्याचाच ठेवायचा, पण तो मध्यरात्रीच्या अलीकडं किती आणि पलीकडं किती, एवढी वाटणी उपग्रहाकडून घ्यायची. ही नोंद लिहायला बसलो तेव्हा ते चालूच होतं, आणि वरचा परिच्छेद लिहिताना “पंधरा-पंधरा मिनिटांची नोंद” हे शब्द टाईप केले आणि थांबलो.

पावसाला कशाला हलवायचं? दिवसच हलवू की! लॉगर माझा आहे, पंधरा मिनिटांना एक आकडा आहे, मग त्याचा ‘दिवस’ मध्यरात्रीला संपायला हवा असं कोणी सांगितलं? तोही साडेआठ ते साडेआठ धरायचा आणि संपण्याच्या तारखेवर लिहायचा. पावसाची फाईल जशीच्या तशी. दोघांचा दिवस एकच झाला की भांडण मिटलं.

अर्धा तास लिखाण सोडून तेच केलं. ०.६४. खांदेमळणी आणि घटस्थापना, दोन्ही जागेवर. आयमर्गचं डाउनलोड बंद केलं, नेटचा डेटाही वाचला. (पहाटे पडून साडेआठनंतर वाहिलेलं पाणी अजून निसटतंय, ते साडेचार तासांचं देणं राहणारच. तापमानाचा दिवसही आता थोडा तिरका बसतो, पण बाष्पीभवनाला तेवढं चालतं.) धरणाच्या रोजच्या आवकेवर मॉडेल ताडणाऱ्यांनी मात्र आधी एवढं विचारून घ्या: तिथली पातळी किती वाजता वाचतात?

या भानगडीत पुढचा बेत बदललाय. या महिन्यात ऑटो-कॅलिब्रेशन (मॉडेलचे आकडे यंत्राकडून आपोआप जुळवून घेणं) लावणार होतो. बरं झालं नाही लावलं. तारखेची चूक तशीच ठेवून यंत्राला मोकळं सोडलं असतं, तर त्यानं पुराचं टोक बसवायला सीएन (पावसातलं किती पाणी वाहून जाईल ते ठरवणारा आकडा) मारून मुटकून खाली आणला असता. ड गटाच्या (पाणी सगळ्यात कमी मुरणाऱ्या) काळ्या जमिनीला मुरुमाचा आकडा चिकटला असता आणि मी तो खुशाल छापला असता. पाच हजार फेऱ्यांपेक्षा किरपिचची एक ओळ आणि आई बरी, असं माझं सध्याचं मत.

आता राहिला तो १८ टक्के जादा अपवाह. ग्रिडचा एक चौकोन साधारण सव्वासातशे चौ.किमी.चा, आमच्या पाणलोटाच्या आठपट, त्यामुळं पाऊसच थोडा जास्त धरला जात असेल. पण माझा दाट संशय पाझर तलावांवर. नकाशात अकरा दिसतात, मी मांडलेत तीनच. बाकीचे डीईएमचे (उंचीच्या नकाशाचे) खड्डे बुजवताना क्यूजीआयएस या नकाशाच्या प्रोग्रॅमनं गिळले. त्यांना वेगवेगळा तलाव म्हणून जोडायचं, सांडव्याचा नियम डिसिजन टेबलात (मॉडेलच्या नियमांच्या तक्त्यात) लिहायचा. गाळ किती साचलाय हे कोणत्याच नकाशात नाही, तेव्हा काठी आणि दोरी घेऊन फिरणं आलं.

त्याआधी एक शरमेची गोष्ट. प्रवाह मी बंधाऱ्याच्या माथ्यावरून काढतो, १.७ गुणिले लांबी गुणिले खोलीचा दीडावा घात. हा १.७ माथा मोकळा असेल तरच खरा. परवा सेल बदलायला गेलो तर माथ्याच्या डाव्या अंगाला चार-पाच मीटर बेशरम माजलेली. म्हणजे पाणी तुंबून माझाच आकडा फुगलेला असेल, आणि खरा फरक १८ टक्क्यांहून जास्तच निघेल. रविवारी कोयता घेऊन जातोय. आप्पा म्हणालेत, मी पण येतो.